अम्माचे पाय पाहणारा कुंचा

मित्रांनो, मी एक जुना कुंचा आहे. पण भिंती रंगवणारा समजाल, तर आपलं जमायचं नाही हं! मी शिलालेखांचे ठसे घेणारा कुंचा आहे. दगडावर ओला कागद पसरायचा आणि माझ्या राठ केसांनी तो असा बडवायचा, की अक्षराच्या प्रत्येक खोबणीत कागद जाऊन बसला पाहिजे. कागद जरा सुकला की वरून शाईत भिजवलेली कापडाची पुरचुंडी फिरवायची. खोल अक्षरं पांढरी राहतात आणि बाकीचं काळं होतं. मग शेकडो वर्षं मुका असलेला दगड घडाघडा बोलू लागतो. आणि हे कुणामुळे? माझ्या मारामुळे!

म्हैसूरच्या एका कारागिराने घोड्याच्या शेपटीचे केस शिसवी मुठीत ठोकून बसवले आणि माझा जन्म झाला. मला विकत घेतलं नंजुंडय्या नावाच्या तरुण संशोधकाने. तेव्हा त्याच्या डोक्यावर माझ्याहून दाट केस होते. त्याच्या पिशवीत बसून मी गावोगाव हिंडलो. तावरेकट्टे गावच्या तळ्याकाठचा शिलालेख आम्ही दोघांनीच उतरवला. 'हे तळं राजाने बांधलं' असं त्याने छापलं आणि त्याचं मोठं नाव झालं. पुढे तो इतिहास विभागाचा प्रमुख झाला, नंजुंडय्या सर झाला. माझाही मान वाढला. नवे विद्यार्थी मला हात लावण्याआधी हात धूत असत.

मग मोबाइल आले. जो तो दगडाचा फोटो काढू लागला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. एके दिवशी शिपाई बसवण्णाने मला ओढून काढलं आणि माझ्या केसांनी चहाची किटली घासली! राजांच्या आज्ञा बडवलेला मी, आणि माझ्या नशिबी किटली! मला फार वाईट वाटलं.

तिथून मला सोडवलं तुंगाने. ती सरांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती. गावोगावची तळी कुणी बांधली, हा तिचा विषय होता. तावरेकट्ट्याचं तळं राजाने नव्हे, तिथल्या कुंभारणींनी खणलं असावं, असं तिला वाटत होतं. कारण दर उन्हाळ्यात त्या तळ्यातल्या गाळाची पहिली टोपली उचलायचा मान त्यांचाच होता. पण नुसत्या वाटण्यावर प्रबंध उभा राहत नाही.

"सर, दानलेखाच्या शेवटी शाप असतो ना?" ती एकदा म्हणाली. "जो हे मोडेल त्याचं वाटोळं होवो, वगैरे. या दगडावरचा शाप कुठाय?"

"राजा दयाळू असेल," सर म्हणाले.

"दयाळू कसला! शाप जमिनीत आहे सर. तुम्ही वाचलात तो अर्धाच दगड आहे."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "तुझ्या जन्माआधी वाचलाय मी तो दगड! शाप मिळाला नाही तर तुझा हा अख्खा अध्याय कापणार. चार वर्षांची मेहनत पाण्यात!"

"आणि मिळाला तर?"

"तर माझं नाक काप!"

झालं! मला आणि सरांना घेऊन तुंगा तावरेकट्ट्याला निघाली. आता माझी मोठी पंचाईत झाली. एकीकडे माझा जुना मित्र, दुसरीकडे मला किटलीपासून सोडवणारी पोर. कुणाची बाजू घेऊ?

गावकऱ्यांसाठी तो दगड म्हणजे अम्मा, गावची देवी. त्याच्या बुडाशी लुगडं नेसवलेलं असायचं. देवीची राखण करणारी केंचम्मा नावाची म्हातारी कुंभारीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खणायचं नाव काढू नका. अम्माचे पाय परपुरुषाने पाहायचे नसतात."

"पण अज्जी, मी कुठे पुरुष आहे?" तुंगा म्हणाली.

केंचम्माने तोंडाचा आ वासला आणि मग ती खदखदून हसली. "अगंबाई, खरंच की! आजवर आले ते सगळे पँटवाले. बाईमाणूस कुणी आलंच नाही!"

मग काय विचारता! कुंभारवाड्यातल्या बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला आणि सरांना बाहेर पाठमोरं उभं केलं. एवढे मोठे प्रोफेसर, पण शिक्षा झालेल्या पोरासारखे चिंचेच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले. आत बायकांनी माती उकरली. तुंगाने शिकेकाईच्या पाण्याने दगड धुतला, कागद चिकटवला आणि मला उचललं. मित्रांनो, मी आयुष्यात इतका जीव ओतून कुणाला बडवलं नसेल!

"तुंगा, काय दिसतंय?" बाहेरून सर ओरडले.

"मान वळवू नका!" बायका एका सुरात खेकसल्या.

शाईची पुरचुंडी फिरली तशी पांढरी अक्षरं उमटू लागली. तुंगा मोठ्याने वाचू लागली, "राजाने होकार दिला. कुंभारवाड्यातल्या बायांनी खणलं. जो हे तळं बुजवेल, त्याच्या घरचं मडकं पाण्याला महाग होवो!"

एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. सगळ्या जणी आपल्या चिखलाने माखलेल्या हातांकडे बघत राहिल्या.

"शाप आहे?" सरांनी हळूच विचारलं.

"आहे सर. अख्खा आहे!"

आता सर काय म्हणणार? माझे तर केसच ताठ झाले. तेवढ्यात सरांचा आवाज आला, "केंचम्मा, विळा आण गं. माझं नाक कापायचंय!" आणि ते पोट धरून हसू लागले.

"नाक राहू दे स्वामी," केंचम्मा म्हणाली. "यंदा गाळ काढायला या. टोपल्या उचलायला माणसं कमीच पडतात."

आणि सर खरंच गेले! धोतर खोचून, गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांनी टोपल्या उचलल्या. पहिली टोपली मात्र कुंभारणींचीच होती. तुंगा आता डॉक्टर तुंगा झाली आहे. तिचा तो अध्याय सरांनी स्वतः छापून आणला. त्याच्या पहिल्याच पानावर 'माझे वाचन अर्धवट होते' असं त्यांनी सहीनिशी लिहिलं.

आज मी सरांच्या खोलीत खिळ्यावर टांगलेला असतो. नवी मुलं आली की सर मला खाली काढतात आणि म्हणतात, "शाप सापडल्याशिवाय दगड संपला म्हणायचं नाही."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हा जुन्या हत्यारांना काम झालं की धुवा, सावलीत वाळवा आणि टांगून ठेवा. किटली घासायला काथ्या मिळतो. आणि कधी तावरेकट्ट्याला गेलात, तर तळ्याचं पाणी पिण्याआधी कुंभारवाड्याकडे बघून एकदा हात जोडा.