एकाच कुंडीतली पानं

कारखान्याच्या गेटवर चाळीस कुंड्या होत्या आणि चाळीसही माळीणबाईंच्या हातच्या. साहेबांना काम करून घ्यायचं असलं की त्या ‘मावशी’ व्हायच्या, दोष द्यायचा असला की ‘माळीण’. त्या सोमवारी साहेब सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, “माळणीच्या हाताला गुणच नाही. भसाभस खत घालते आणि पानं जाळते. पुढची प्रदूषणाची तपासणी झाली की दुसरा माणूस बघू.”

माळीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं या हातांनी वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटली होती. पानं कशानं जळतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. सकाळी उजाडता उजाडता मधल्या चिमणीतून पिवळट धूर सुटायचा आणि गेटवर उतरायचा. घसा खवखवायचा. आठ दिवसांत पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या, मधला भाग पांढरा पडायचा, कडा करपून जायच्या. पण बोलायची सोय नव्हती. चोर तो चोर, वर शिरजोर.

त्यांनी वाद घातला नाही. जास्वंदीची एक कुंडी निवडली. रोज धूर सुटायच्या आधी तिच्या एकाच फांदीवर पातळ पिशवी चढवून सुतळीनं बांधायची आणि धूर विरला की काढायची, नाहीतर उन्हात फांदी उकडून निघाली असती. असं तीन आठवडे केलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी नेहमीप्रमाणे ताज्या कुंड्यांचा टेम्पो आला. माळीणबाईंनी तो तसाच परत पाठवला.

सकाळी तपासणीच्या मॅडम गेटवरच थबकल्या. “पानांना काय झालं?”

“माळीण खत जास्त घालते,” साहेब म्हणाले.

माळीणबाईंनी जास्वंदीची कुंडी पुढे सरकवली. “मॅडम, माती एक, पाणी एक, खत एक. ही फांदी धुराच्या वेळी पिशवीत होती, बाकीच्या उघड्या.”

एक फांदी हिरवीगार होती. बाकीच्या भाजल्यासारख्या.

साहेब हसले. “मग सगळ्यांनाच पिशव्या घाला की, मावशी.”

“झाडांना घालीन, साहेब. पाळीवर येणाऱ्या माणसांना कशा घालू?”

मॅडमनी फाईल उघडली. “मागच्या तिन्ही तपासण्यांत गेटवरची झाडं टवटवीत असल्याची नोंद आहे.”

इतके दिवस साहेबांवर धुमसणारा राग माळीणबाईंच्या स्वतःवरच उलटला. “कारण मी बदलायची. साहेब सांगायचे आणि मी मुकाट्यानं आदल्या दिवशी नवी झाडं मांडायची. जळकी मागच्या खड्ड्यात आहेत. चला, दाखवते.”

“मावशी, विचार करून बोला,” साहेब हळूच म्हणाले.

“बावीस वर्षं तेच केलं.” त्या मॅडमकडे वळल्या. “लिहा, मॅडम. झाडं मीच बदलायची, हे लिहा. आणि माझ्या हाताला गुण आहे, तेही लिहा.”