न उष्टावलेली प्लेट

‘शनिवारी दुपारच्या जेवणात बेअरर बरकत याने टेबलावरून उचललेले उष्टे अन्न पाहुण्यास पुन्हा वाढले व उपाहारगृहाच्या लौकिकास बाधा आणली.’

मॅनेजरने तक्रारीचा कागद वाचून खाली ठेवला. बरकत एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत समोर उभा होता. पुण्याच्या लष्कर भागातल्या या उपाहारगृहात तो एकवीस वर्षे उभाच होता. बसण्याची सोय गिऱ्हाइकांसाठी होती.

आरोपाची भाषा निर्दोष होती. अन्न उष्टे होण्यासाठी ते कोणीतरी तोंडाला लावावे लागते, एवढी किरकोळ अट तेवढी शनिवारी पुरी झालेली नव्हती. लौकिकाचे म्हणाल, तर मासळी आणि स्टेक यांसाठी नावाजलेल्या त्या जागी सव्वा वाजता आलेला पाहुणा अडीचपर्यंत उपाशी बसला होता, आणि तेवढ्या अवधीत लौकिकाला ओरखडाही उमटला नव्हता.

पाहुणा म्हणजे ज्योतीराम फिटर. पिंपरीच्या नव्या कारखान्यात एक परदेशी यंत्र आठवडाभर अडून बसले होते. ज्योतीरामने त्याला कान लावला आणि बिघाड नेमका दाखवला. गोरा साहेब खूश झाला, त्याला जेवायला घेऊन आला. सोबत दुभाषा म्हणून कामगार अधिकारी उद्धवराव. कारखान्याच्या पाहुणेघरासाठी त्यांना एक बटलर हवा होता आणि ते आज आपल्याला पारखणार, हे बरकतला ठाऊक होते. बरकत दापोडीचा. पिंपरी तिथून सायकलच्या टप्प्यात, शिवाय काम बेताचे. ‘तेवढी जागा मिळाली की पाय वाचतील,’ असे त्याची बायको रहिमाबी त्याच्या सुजलेल्या घोट्यांना तेल चोळताना म्हणे.

साहेबाने सर्वांसाठी स्टेक मागवला. उद्धवरावांनी स्वतःपुरती कोंबडी सांगितली आणि ते रुमाल उलगडू लागले. ज्योतीराम मान खाली घालून बसला. बरकत त्याच्या कानाशी वाकला.

“भाऊ, ते मोठ्याचं मटण असतं, गाईबैलाचं. पापलेट आणू?”

“आणा, बाबा. लई उपकार झालं.”

आधी सूप आले. साहेब बोलू लागला, तसा ज्योतीरामने चमचा खाली ठेवला. वरिष्ठ बोलत असता हात चालू ठेवावा, असे त्याला कोणी शिकवले नव्हते. दुसरा बेअरर वजीर आला आणि भरलेले सूप घेऊन गेला. मग पापलेट आले. ज्योतीरामने काटा-सुरी उचलली, तोच साहेबाने यंत्राविषयी आणखी काही विचारले. ज्योतीरामने ती खाली ठेवली: शेजारी शेजारी, सरळ रेषेत, मुठी आपल्याकडे. हत्यार वाकडे टाकले की उस्तादाचा धपाटा बसे. ती शिस्त वीस वर्षांत बोटांत मुरली होती.

या उपाहारगृहात मात्र त्या मांडणीचा अर्थ एकच होता: जेवण झाले. बरकतचा हात आपसूक पुढे झाला आणि त्याने प्लेट उचलली.

ज्योतीरामने रिकाम्या टेबलक्लॉथकडे पाहिले आणि हात मांडीवर ठेवले.

“चाचा, तुमच्या पाहुण्यानं रोजा धरलाय का काय?” भांडी घासायच्या मोरीपाशी वजीर हसला. “आख्खं पापलेट आलंय परत!”

बरकतने खाली पाहिले. माशाचे कातडेही फाटले नव्हते.

“दुसरं हाय का?”

“संपलं. टाका आता. उचललेलं परत जात न्हाई, कायदा हाय.”

बरकतने काटा-सुरी काढून मोरीत टाकली आणि प्लेट घेऊन तो भरल्या दालनातून चालत गेला.

“हातानं खा, भाऊ. संपेपर्यंत मी इथनं हलत न्हाई.”

“अहो, उचललेलं परत आणता?” उद्धवराव दबक्या आवाजात म्हणाले. “साहेबांपुढं आमची अब्रू काढता?”

साहेब मंद हसत स्टेक कापत होता. ज्योतीराम काटे चोखून, खाली मान घालून जेवला.

आता मॅनेजरने आवाज खाली आणला. “बरकत, उद्धवराव भला माणूस आहे, तक्रार मागे घेईल. गर्दीत चुकून प्लेट परत टेबलावर गेली, एवढं लिहून दे. प्रकरण मिटलं. पिंपरीची जागाही तुलाच. चूक काय, कुणाच्याही हातून होते.”

बरकतने खिडकीबाहेर उभ्या असलेल्या सायकलींकडे पाहिले.

“मला लिहिता येत न्हाई, साहेब. मी बोलतो, तुम्ही उतरवा. पण बोलतो तेच उतरवा.”

मॅनेजरने सुस्कारा टाकून लेखणी उचलली. त्या कागदावर अंगठ्याच्या ठशाच्या वर एवढाच मजकूर आहे:

‘प्लेट मी जाणून परत नेली. चूक झाली ती उचलताना. एकवीस वर्षं मी काटा-सुरी बघत आलो, माणूस जेवला का ते बघितलं न्हाई. हा कसूर मला कबूल हाय.’