गडगड्याचा चेंडू डावीकडेच जातो

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. जुना म्हणजे मोबाइलच्या हिशोबाने जुना; तुमच्यापैकी काहींच्या सायकलीसुद्धा माझ्याहून थोरल्या असतील. माझे नाव गडगड्या. एक चेंडू, एक गाव आणि तुमचा हात, एवढाच माझा संसार. मोबाइल तिरपा केला की चेंडू घरंगळतो. त्याला वेशीपासून देवळापर्यंत सांभाळून न्यायचे. नदीत पडला की डाव संपला.

खरे सांगू? मी काही देखणा नाही. माझ्यातली कोंबडी कधी कधी उलटी चालते. चेंडू एका बाभळीतून आरपार जातो. दगडाचा जो आवाज तुम्हाला येतो, तो पाट्यावर वरवंटा आपटून काढलेला आहे. तरी मला कुणी नावे ठेवली की राग येतो बरं का! मला घडवले ते एका माणसासाठी, मनापासून.

तो माणूस म्हणजे पळसदेवचे श्रीपती आबा. त्यांचे जुने गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेले, तेव्हा ते ऐन तरुण होते. गाव वर नव्याने वसले, आबा तिथेच म्हातारे झाले आणि डोके त्यांना दगा देऊ लागले. आपण जेवलो की नाही, ते आठवेना. नातीला, तेजश्रीला, ते जयवंता म्हणू लागले. जयवंता त्यांची धाकटी बहीण. ती केव्हाच देवाघरी गेली होती. जुने गाव मात्र आबांना लख्ख आठवे. बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या तेजश्रीने ठरवले, ते गाव आबांच्या हातात द्यायचे.

आबा बाजेवर बसून अंगाने मापे सांगत. भिंत छातीएवढी, कट्टा मांडीएवढा. तेजश्री त्यांच्याच अंगाला शिंप्याची टेप लावी आणि तो आकडा माझ्यात भरी. देवळापुढची फरसबंदी आली तेव्हा आबा म्हणाले, "उजवी कड पोटरीएवढी. डावी, नदीच्या अंगाची, घोट्याएवढी."

"आबा, एकाच फरशीच्या दोन कडा दोन मापाच्या कशा?"

"ते बांधणाराला इचार. मला काय इचारतीस?"

तिने हसत तसेच भरले. तेव्हापासून त्या फरशीवर आला, की माझा चेंडू डावीकडे जाई. तुम्ही मोबाइल कितीही सरळ धरा! आबांना त्याचे भारी कौतुक. "हां, निघाला बघ नदीवर! आडव त्येला!" असे ओरडत ते खेळत. तेवढ्या घटकेपुरते ते कशातच चुकत नसत. तेवढ्यासाठी मी दिवसभर चालू राहायला तयार होतो.

मग कॉलेजात प्रदर्शन भरले. जो तो मला खेळून पाही आणि नेमका त्याच फरशीवरून नदीत पडे. तेजश्रीच्या वर्गातला विकी म्हणाला, "तेजे, तुझा चेंडू झिंगलाय काय?" सगळे हसले. तेजश्रीचे तोंड एवढेसे झाले. तिला वाटले, आबांचाच घोळ झाला असणार. सकाळची भाकरी आठवत नाही, त्यांना बुडालेल्या गावातली कड काय आठवणार? तिने दोन्ही कडा सारख्या केल्या. चेंडू शहाण्यासारखा सरळ जाऊ लागला. टाळ्या पडल्या. मला मात्र आतून काही बरे वाटत नव्हते.

घरी आबांनी चेंडू फरशीवर आणला आणि वाट पाहिली. चेंडू जागचा हलेना. त्यांनी मोबाइल बाजेवर ठेवला.

"ह्यो आपला गाव न्हाय."

"आबा, तोच हाय. फकस्त चूक होती, ती काढली."

"चूक?" आबांनी मोबाइल तिच्याकडे सरकवला. मग हळूच म्हणाले, "आसंल बाई. माझंच डोकं ठिकाणावर न्हाय."

त्यानंतर आबांनी मला हात लावला नाही. जुन्या गावाचे नावही काढले नाही. साधी तहान लागली तरी ते विचारत, "मी पाणी प्यालो का गं? तूच सांग. माझं काय खरं न्हाय." जगात एकाच जागेची त्यांना खात्री होती आणि तीच गेली होती. तेजश्री चोरून डोळे पुसायची.

त्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी पार खाली गेले. जुने देऊळ उघडे पडले. तेजश्रीने पिशवीत रबरी चेंडू टाकला आणि भेगाळलेल्या गाळावरून आबांना हाताला धरून तिथे नेले. मी तिच्या मोबाइलमध्ये होतोच. फरशीवरचा वाळलेला गाळ आबांनी पायाने सारला. तेजश्रीने मधोमध चेंडू ठेवला आणि हात काढून घेतला.

चेंडू क्षणभर थांबला. मग वळला. डावीकडे, नदीच्या अंगाला.

"आबा!" तेजश्री ओरडली. "आबा, तुमचंच खरं होतं. मीच चुकले."

आबांचे तिच्याकडे लक्षच नव्हते. चेंडू कडेवरून खाली पडून पाण्याकडे निघाला होता. ते पूर्वीसारखे कडाडले, "जयवंते, पळ! नदीत जाईल त्यो!"

ती जयवंता नव्हती. तरी ती पळाली. रडत, हसत, ओढणी सावरत पळाली आणि पाण्याच्या अगदी अलीकडे तिने चेंडू धरला. आबांनी तो छातीशी घेतला आणि म्हणाले, "सांगितलं हुतं ना, ह्यो डावीकडंच जातो."

घरी येताच तिने माझ्या कडा होत्या तशा करून टाकल्या. आता आबांचा हात फार थरथरतो, म्हणून ती त्यांचा हात धरून मोबाइल तिरपा करते.

मित्रांनो, माझा चेंडू डावीकडे गेला तर मला खुशाल नावे ठेवा, मी सोसेन. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चूक काढण्याआधी त्याचे नीट ऐका, कारण पाणी काही दर उन्हाळ्यात इतके खाली जात नाही. आणि त्याने भलत्याच नावाने हाक मारली, तरी ओ द्या.