पाचव्या घंटेचे दोष

परीक्षकांच्या कागदावर सलग चौथ्या वर्षी पाचव्या घंटेपुढे सर्वाधिक दोष लिहिलेले आढळले, आणि पाचवी घंटा माझी होती.

आमच्या इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात चर्चच्या घंटा वाजविण्याची गावागावांची स्पर्धा होते, तेव्हा परीक्षक पडदे ओढलेल्या खोलीत बसतात. मनोऱ्यात कोणते गाव वाजवीत आहे, हे त्यांना ठाऊक नसते. त्यांना केवळ घंटा ऐकू येतात. कप्तान दोन घंटांची नावे पुकारतो, त्या दोन घंटा आपापसांत जागा बदलतात, आणि असे साठ फेरबदल पूर्ण करावयाचे असतात. मोठ्याने वाजविण्याला काडीचे मोल नाही. सहा घंटांमधील अंतर, सपाट रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखे, अखेरपर्यंत सारखे राहिले पाहिजे. एखादा ठोका केसभर मागे किंवा पुढे पडला की कागदावर रेघ उमटते.

"पाचवी जड हाताची आहे, तथापि सहावी निर्दोष," असा शेरा त्या वर्षी होता. सहावी घंटा आमचे कप्तान हेडली लस्कम यांची होती. हा शेरा सभेत वाचला गेला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

जे खरे होते ते केवळ आम्हा दोघांना ठाऊक होते. चार वर्षांपूर्वी ईस्टरनंतरच्या सरावास त्यांनी मला मागे थांबविले, दार लावून घेतले आणि बाकावर बसले. मी तेराव्या वर्षी शाळा सोडली. मास्तरांच्या मते माझ्या डोक्यात काही शिरण्यासारखे नव्हते. पण हेडली लस्कम यांनी एका हिवाळ्यात, माझ्या हातांवर आपले हात ठेवून, मला दोर शिकविला. अशा माणसाने आपल्याशी खालच्या आवाजात बोलावे, याचेच मला दडपण आले.

"सगळ्या घंटा एकच झाल्यात, पोरा," ते म्हणाले. "ओढ्याला पूर आल्यासारखं ऐकू येतं. माझी कुठली नि तुझी कुठली, काही कळत नाही."

समोर बसून बोललेले त्यांना समजत असे. पुकारणेही त्यांना जमत होते, कारण त्यासाठी डोळे पुरतात. परंतु आमची सहावी घंटा टांगणीतल्या काही दोषामुळे दोर ओढल्यावर किंचित उशिरा बोलते. डोळ्यांनी दोर पाहून ती जागेवर बसत नाही, तिला कानच लागतात. म्हणून त्यांनी माझा पाय मागितला. वाजविताना मी त्यांच्या समोर उभा असे. सहावी ज्या क्षणी बोलली पाहिजे, त्या क्षणी मी उजव्या पायाचा चवडा टेकवावा आणि त्यावर त्यांनी आपला दोर सांभाळावा, असे ठरले. मी त्यांच्या हातात हात दिला. कोणाला सांगणार नाही, हेही त्या हातात आले.

सहावी सदैव सर्वांच्या शेवटी येते. माझी घंटा मात्र पुकारल्यानुसार पहिल्या पाच जागांत फिरत असते. सारांश, माझे हात एक चाल चालत आणि पाय दुसरी. शेवटी घंटा उतरवताना, म्हणजे झोके लहान करीत त्या थांबविताना, ठोके इतके जवळ येतात की त्यांच्यामध्ये श्वासही मावत नाही, आणि तेथे माझे हात पायाच्या मागे जात. पायाची चूक मी कधी होऊ दिली नाही. जी चूक व्हावयाची ती हातांची होई आणि माझ्या नावावर पडे.

जेवताना टेबलाखाली माझा पाय हलत असे. माझी पत्नी थर्झा काटा खाली ठेवून म्हणे, "रूबेन, तुझा पाय कुणाची नोकरी करतोय?" मी रश्श्यात मीठ कमी आहे असे सांगून विषय टाळीत असे.

त्या सभेत सचिव नॉर्थकॉट यांनी, पाचव्या दोरावर क्लेम एंडाकॉटला घ्यावे, असे सुचविले. क्लेम बावीस वर्षांचा, हाताने हलका आणि जिभेने त्याहून हलका. मी रस्त्याच्या कडेचे चर खणण्याचे काम करतो, ते धरून तो म्हणाला, "रूबेनकाका घंटा वाजवत नाहीत, खणतात." सारे हसले. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर काहीतरी बोललो असतो.

नॉर्थकॉट यांनी कप्तानांचे मत विचारले. त्यांनी आपली टोपी गुडघ्यावर फिरवली, तिचे अस्तर तपासले आणि सांगितले की संघाचे जे मत तेच त्यांचे.

मी घरी चालत आलो तेव्हा माझ्या मनात अपमान होता, परंतु, लिहावयास लाज वाटते, त्याच्याखाली सुटकाही होती. दोर गेला तर त्यासोबत पायही सुटला. दोन मैलांवरच्या लिडकोमला पाचव्या घंटेस माणूस हवा होता. तेथे कोणाच्या कानांचे ओझे माझ्यावर नसते. दोन हात आणि एक घंटा. माझा हात खरोखरच जड आहे की नाही, हे चार वर्षांनंतर मला स्वतःला तरी कळले असते. याहून अधिक मला काही नको होते.

दुसऱ्या दिवशी मी वळणावरचे कुंपण छाटत असताना कप्तान आले आणि माझे ओठ दिसतील असे समोर उभे राहिले. संघाला एक राखीव माणूस मनोऱ्यात नेता येतो, वादन चालू असता त्याला भिंतीशी उभे राहण्याची मुभा असते, असे त्यांनी मला सांगितले. जणू हे मला ठाऊकच नव्हते.

"तुम्हीच सांगून टाका त्यांना, कप्तान," मी म्हणालो.

"सांगितलं की दोर गेला. मग रविवारी मी काय करू? बागेत बसून कोबी वाढताना बघू?"

"मी लिडकोमला जातोय. त्यांना पाचवीला माणूस पाहिजे."

त्यांनी छाटलेले काटे बुटाने कडेला सारले. "जा की. कोण अडवतंय? एवढी स्पर्धा होऊ दे, मग जा. हातात दोर नसेल तर तुला सोपंच जाईल, पोरा. नुसता पाय सांभाळायचा."

हे ते मायेने बोलले, याविषयी मला आजही शंका नाही. एकदाच, असे ठरवून मी होकार दिला.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी स्पर्धेच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा वाजविण्यात आमचा क्रमांक चौथा आला. मनोऱ्याच्या खोलीत आम्ही सात जण चढलो, आणि नियमाप्रमाणे नॉर्थकॉट यांनी आतून कडी घातली. वादन संपेपर्यंत ती उघडत नाही. कप्तानांनी मला क्लेमच्या किंचित डावीकडे, भिंतीला पाठ लावून उभे केले. तेथून त्यांना माझा बूट दिसत होता.

खरे सांगावयाचे तर, जिना चढताना माझ्या मनाने उचल खाल्ली होती. पाय हलवावयाचा नाही, असे मी ठरविले होते. मी न सांगता जगाला कळेल, माझा शब्दही मोडणार नाही, आणि चार वर्षांचे दोष कोणाचे होते हे कागदावर आपोआप उमटेल, असा माझा विचार होता. झोके वाढवीत घंटा वर चढल्या, फेरबदल सुरू झाले. मी दोन्ही टाचा फरशीवर रोवून उभा राहिलो.

सहावी मागे पडली. पुढच्या फेरीत ती पुढे आली, मग पुन्हा मागे. क्लेमचा चेहरा आवळला गेला. त्याला वाटले चूक त्याची आहे, आणि तो आपला दोर आवरू लागला, त्यामुळे तोही बिघडू लागला. दार बंद, दोर थांबविता येत नाहीत, बोलण्यास मनाई. कप्तान पुकारीत होते तेव्हा त्यांचा आवाज स्थिर होता, मात्र डोळे माझ्या बुटावर होते. त्या डोळ्यांत राग असता तर मी अखेरपर्यंत टिकलो असतो. अंधारात पायरी चाचपणाऱ्या माणसासारखे ते केवळ शोधीत होते.

नवव्या फेरबदलाला माझा चवडा उठला.

हाती दोर नसताना ते खरोखर सोपे होते. सहावी जागेवर बसली, तिच्या मागोमाग क्लेम सावरला, आणि मग त्या सहा घंटा अशा चालल्या की तीस वर्षांत मी आमच्या स्टोकवर्दी गावाचे असे वादन ऐकले नव्हते. उतरवतानाही कोठे ठेच लागली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते कशाचे, हे मला विचारू नये.

शाळेच्या सभागृहात चहा, पाव आणि घट्ट साय मांडली होती. परीक्षकांनी निकाल वाचला. आमची सहावी आरंभी गडबडली, परंतु पुढचे सारे वादन दिवसातील सर्वोत्तम. पहिला क्रमांक आमचा. पाचवीच्या वादकाने उभे राहावे, असे ते म्हणाले. क्लेम लाल होऊन उभा राहिला आणि टाळ्या झाल्या. छायाचित्रासाठी सहा जण ढाल घेऊन भिंतीशी गेले तेव्हा त्यांचे कोट माझ्या हातांत होते. मला त्याचे दुःख नव्हते. सोमवारी लिडकोमला जाण्याचे मी ठरविले होते, त्यांच्या कप्तानाशी चहाच्या रांगेत दोन शब्द बोललोही होतो.

मग आमचे कप्तान बाकावर हात टेकून उठले. यंदा दोर खाली ठेवण्याचा विचार होता, परंतु असा संघ हाताशी असता अजून दोन-तीन वर्षे नक्की वाजवीन, असे त्यांनी सांगितले. त्यावर पुन्हा टाळ्या झाल्या. ते थांबले, सर्वांचे चेहरे वाचले, आणि म्हणाले, "रूबेनवर आपण अन्याय केला. तो दोर सोडून उभा राहिला, तोंडातून ब्र काढला नाही. माझं म्हणणं, त्याला कायमचा राखीव करा."

ज्या गावाच्या यादीत कायमचा राखीव म्हणून नाव चढते, त्या गावाशिवाय दुसऱ्या मनोऱ्यात स्पर्धेचा दोर धरता येत नाही. हा नियम तेथे प्रत्येकाला ठाऊक होता. लिडकोमचा कप्तान माझ्याकडे पाहून खांदे उडवून हसला.

सर्वांआधी क्लेमने हात वर केला. "रूबेनकाका, माझं ते खणण्याचं बोलणं मनावर घेऊ नका," तो अगदी मनापासून म्हणाला. बाकीचे हात वर गेले. नॉर्थकॉट यांनी खिशातून पेन्सिल काढून माझे नाव लिहून घेतले आणि आता मी दोन शब्द बोलावेत असे सुचविले.

नाही म्हणावयाचे तर का नाही, हे सांगावे लागले असते. मी सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. ते आनंदी होते, आणि माझ्यासाठी आनंदी होते. हातातले कोट मी खुर्चीवर ठेवले, उभा राहिलो आणि सर्वांचे आभार मानले.