चव बघायची सवय

पीठ काकूंचं आणि भट्टी काकांची, ही वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरली होती. पाव फुगला तर श्रेय काकूंचं आणि करपला तर दोष काकांचा, असा त्या बेकरीचा सरळ कारभार होता. त्यात मीठ घालायची वेळ आली की काकू काकांचा हात परातीपासून लांब सारायच्या. "तुमच्या हाताला अंदाज म्हणून नाही," असं म्हणून चिमटीने स्वतः घालायच्या. काका भट्टीकडे वळायचे.

आता काही महिने झाले, पीठ, मीठ आणि भट्टी असं सगळंच काकांच्या गळ्यात पडलं होतं. काकूंना कॅन्सर झाला. गाठ काढली, केमो सुरू झाली आणि त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. ज्या बाईचं अख्खं आयुष्य पावाच्या वासात गेलं, तिला तोच वास खालच्या बेकरीतून जिन्याने वर आला की मळमळायचं. लेकीने त्यांच्या खोलीच्या दाराखाली ओला टॉवेल लावून ठेवला होता. एखादा घास गेलाच, तरी पुठ्ठा चघळल्यासारखा लागायचा. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "वजन आणखी उतरलं, तर पुढचे डोस थांबवावे लागतील. काहीही करून यांच्या पोटात अन्न गेलं पाहिजे." तेव्हापासून काकांचा जीव टांगणीला लागला होता.

मळमळीच्या नेहमीच्या गोळ्यांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी औषधी गांजा लिहून दिला. गांजा हा शब्द ऐकताच काकांनी खुर्ची मागे सरकवली.

"आमच्या घरात कुणी सिगारेटसुद्धा ओढत नाही हो," ते म्हणाले.

"ओढा असं मी कुठे म्हणतेय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॅप्सूल आहे, जिभेखाली धरायचे थेंब आहेत, तेच थेंब खाण्यातही घालता येतात. आणि वाफ घ्यायचं यंत्र आहे. वाफ लगेच लागू पडते आणि लवकर उतरते. थेंबांना जरा जास्त वेळ लागतो. पोटातून गेलं तर तास-दोन तास काही म्हणजे काही कळत नाही, आणि मग जे येतं ते दिवसभर मुक्काम ठोकतं. म्हणून घाई करायची नाही. आणि घरातल्या दुसऱ्या कुणी तोंडात टाकायचं नाही." हे शेवटचं त्यांनी काकांकडे बघून सांगितलं, पण ते आपल्याला उद्देशून असेल असं काकांच्या मनातही आलं नाही.

कॅप्सूल कामाला लागायच्या आतच उलटून पडायची. थेंब पोटात राहिले, पण त्यांची चव म्हणजे रॉकेलमध्ये भिजवलेलं गवत. शिवाय मळमळ निवली की काकूंना अशी गाढ झोप लागायची, की जेवणाची वेळ टळून जायची. पोट ताळ्यावर आलं, पण पोटाची मालकीणच झोपून गेली, असं लेक म्हणाली. यंत्र तर काकूंनी खोक्यातून बाहेरच काढू दिलं नाही.

"या वयात धूर सोडत बसू मी?"

"धूर नाही गं आई, वाफ आहे."

"नाकातून निघते ना? मग मला नको." यंत्र कपाटात गेलं.

मग काकांच्या डोक्यात आलं, की आपण बेकरीवाले, आपल्याला कॅप्सूल कशाला हवी? डॉक्टरीणबाईंना फोन करून त्यांनी किती थेंब, केवढा तुकडा, सगळं नीट विचारून घेतलं. लोण्यात ते थेंबांचं तेल घोटलं. रॉकेलचा वास मारायला आलं किसून घातलं. सकाळी बिस्किटांचा ट्रे भट्टीतून बाहेर आला, तो दृष्ट लागावी असा.

आणि तिथेच घात झाला. भट्टीतून जे निघेल त्यातलं पहिलं बिस्किट काका मोडून खातात. ती त्यांची उमेदवारीच्या काळापासूनची सवय. त्यांनी मधलं एक खाल्लं. आलं छान उतरलं होतं. कडेचं सारखं भाजलंय का ते बघायला कडेचंही एक खाल्लं. बोटांवरचा चुरा चाटताना त्यांना आठवलं, यात औषध आहे.

ते खुर्चीवर बसून राहिले. काही झालं नाही. नाडी बघितली, जीभ बाहेर काढून आरशात बघितली. बराच वेळ गेला तरी काही झालं नाही. आपली तब्येत दणकट आहे, अशी स्वतःची समजूत घालून काकांनी पावाचं पीठ मळायला घेतलं.

शेजारच्या दुकानातला चष्मेवाला रोजचा पाव न्यायला आला, तेव्हा काका परातीसमोर स्टूल टाकून बसले होते.

"काय बघताय काका?"

"फुगतंय," काका म्हणाले.

"पीठ फुगतंच की."

"हो, पण आज बघ, किती मनापासून फुगतंय." एवढं बोलून काका हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. काय झालंय ते न कळताच चष्मेवालाही हसत सुटला आणि हसता हसताच त्याने जिन्यातून लेकीला हाक मारली.

लेकीने ट्रे बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरीणबाई फोनवर आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू आवरेना. "भट्टीजवळ फिरकू देऊ नका, पाणी पाजा, बसवून ठेवा. संध्याकाळपर्यंत येतील भानावर." बिस्किटं डब्यात बंद झाली. मळलेलं पीठ वाया कशाला घालवायचं, म्हणून लेकीनेच पाव भट्टीत सारले.

"हळू सार गं," काका स्टुलावरून म्हणाले. "डोळा लागला असेल त्यांचा."

या घरात कित्येक दिवस सगळे कुजबुजत बोलत होते. आज खालून हसण्याचा गडगडाट वर आला आणि काकूंनी स्वतः उठून, पायाने टॉवेल बाजूला सारून दार उघडलं. लेक धावत वर आली. तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे आजारी मी," काकू म्हणाल्या, "आणि चढली यांना? आण ते यंत्र इकडे."

लेकीने बटण दाबलं, कसं ओढायचं ते दाखवलं. काकूंनी एक लहानसा झुरका घेतला, ठसका लागून डोळे लाल झाले आणि त्यांनी यंत्र बनवणाऱ्याचा उद्धार केला. मग उशीला टेकून बसल्या. थोड्याच वेळात पोटात आवळलेली मूठ कुणीतरी हलकेच सोडवावी तसं त्यांना वाटलं. त्यांनी मान वर केली.

"वास कसला येतोय?"

लेक घाईघाईने दार लावायला गेली.

"राहू दे ते दार. पळ खाली आणि पाव बाहेर काढ, कड करपायला लागलीय."

पाव निघेपर्यंत काकू कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली आल्या होत्या. काका उठायला गेले, उठता येईना, म्हणून बसल्या जागीच दोन्ही हात पुढे केले. काकूंनी तिकडे लक्षही दिलं नाही. त्यांनी गरम पावाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.  चावता चावता काकूंच्या कपाळावर आठी चढली, तशी लेकीने घाईने बादली पुढे ओढली.

काकूंनी घास गिळला.

"यात मीठ कुठंय?"

काकांनी फळीकडे बघितलं.

"कणभरही नाही. म्हणून तर एवढं उधळलं पीठ. मीठ नसलं की पीठ असंच सैराट फुगतं. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभं राहून हेच शिकलात?"

"आई," लेक हळूच म्हणाली, "तुला कळलं?"

"न कळायला काय झालं? तोंडात जीभ आहे ना..." काकू बोलता बोलता थांबल्या. त्यांनी दुसरा तुकडा मोडला, डोळे मिटून सावकाश चावला. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हनुवटीपर्यंत ओघळलं.

"नाहीये," त्या म्हणाल्या. "खरंच मीठ नाहीये."

काकांनी आयुष्यात बोलणी पुष्कळ खाल्ली होती, पण एवढी गोड कधीच लागली नव्हती. हसावं की रडावं ते न कळून त्यांनी दोन्ही केलं. चष्मेवाल्याने नाक शिंकरलं आणि चष्मा पुसत भिंतीकडे तोंड केलं. काका कसेबसे उठले, फळीवरची मिठाची बरणी घेऊन आले आणि उरलेल्या पावावर मीठ भुरभुरायला गेले.

काकूंनी त्यांचा हात लांब सारला आणि चिमूट स्वतः घेतली.