मांजरासाठी लावलेली कडी

माझी सून गोष्टी लिहिते, हे मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय, कुणी विचारो न विचारो. दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून ती रुग्णांची नावं लिहून घेते. घरी आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावरची कांद्यांची टोपली बाजूला सारते आणि आपलं लिहायला बसते. माझ्या शिलाई मशीनवरून मला तिची वाकलेली मान तेवढी दिसते. तेवढ्यानंही माझा ऊर भरून येतो.

यंदा तिची गोष्ट वाचनालयाच्या सभागृहात वाचायला निवडली गेली. आदल्या दिवशी तिनं ती आम्हाला वाचून दाखवली. गोष्टीतल्या बाईच्या स्वयंपाकघराला बाहेरून कडी होती. माझ्या मुलाच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"अगं, ही तर आपलीच कडी! लोक म्हणतील, आई तुला कोंडते. गोष्टीतली कडी तेवढी काढ, नाहीतर वाचूच नकोस."

कडी आमच्याकडे आहे खरी. स्वयंपाकघराच्या दाराला, बाहेरच्या अंगानं. कुणी विचारलं की मी सांगायचे, मांजरासाठी लावलीय. नव्या सुनेलाही हेच सांगितलं होतं. आता आमच्या घरात मांजर कधी नव्हतंच, पण इतक्या खोलात कोण जातं?

सुनेनं कागद आवरून ठेवले. मी उगाच मशीन चालवत बसले आणि एकच शिवण दोनदा उसवली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. सुनेनं गोष्ट वाचली, कडीसकट वाचली. ऐकताना माझी मान ताठ होती. टाळ्या थांबतात न थांबतात तोच आमची शेजारीण उठली. गल्लीत तिला सगळे दवंडी म्हणतात, ते उगाच नाही.

"काय गं, ही कडी तुमच्याच घरातली ना? सासूबाई कोंडतात की काय?"

हशा पिकला. मुलानं मान खाली घातली. सुनेनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली, "कडी म्हणजे... ती आपली कल्पनेतली..."

माझं डोकंच फिरलं. पोरीनं इतकं खरं लिहायचं, आणि माझी अब्रू झाकायला तेच खोटं म्हणायचं? मी उभी राहिले.

"कल्पनेतली कसली! आमच्याच दाराची आहे. माझ्या सासूबाईंनी लावली होती. बाहेर पाहुणे आले की मला आत घालून कडी लावायच्या. का, तर मी मोठ्यानं हसते म्हणून! चहा झाला की मी आतून दार वाजवायचं. मग चहा बाहेर जायचा आणि मी आतच. यातलं अवाक्षरही मी हिला सांगितलं नव्हतं. मांजराची थाप मारली होती. तरी हिनं बरोबर लिहिलं! सून आहे माझी."

दवंडी पटकन खाली बसली.

घरी येताना मी सुनेला विचारलं, "तुला कळलं कसं गं?"

"दाराच्या आतल्या बाजूला खांद्याच्या उंचीवर रंग झिजलाय, आई. तिथवर मांजराचा पंजा कसा पोचेल?"

मी तिचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

मुलानं घरात पाऊल टाकताच स्क्रूड्रायव्हर शोधला. बिचारा ओशाळला होता. "आई, मला माहीतच नव्हतं गं. आत्ता काढून फेकतो."

"फेकू नकोस," मी म्हटलं. "आतून लावून दे."

आता संध्याकाळी आम्ही दोघी आत बसतो, कडी घालून. मी सांगते, ती लिहिते. काल तर माझ्या हसण्यानं ताटं वाजायची बाकी राहिली. तेवढ्यात दार वाजलं.

"आई, चहा मिळेल का?" बाहेरून मुलाचा आवाज आला.

सून उठायला लागली. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू लिही गं. मांजर असेल."