दोन वाट्यांचा पाहुणा

कार्तिकी पौर्णिमेला मोखाड्याहून मधूचं पत्र आलं आणि पाच आठवडे मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र टेबलावर होतं. मी त्याच्यावर एक पुस्तक ठेवलं, मग त्या पुस्तकावर दुसरं.

मधु माझा जुना विद्यार्थी, जव्हार संस्थानात जमीनमोजणीचा कारकून. रोज सहा पाडे हिंडायचे, चढ पायी आणि सपाटीला तट्टावर. दसऱ्याच्या सुमारास दरबारचा नियम निघाला की तट्टावर एकशेऐंशी रतलांहून जास्त ओझं नको. मधु भरला एकशे ब्याण्णव. होळीपर्यंत बारा रतल उतरलं नाही तर फिरती बंद आणि जव्हारच्या दफ्तरात बदली. तिथे त्याचे सासरेच हेडक्लार्क होते. मधु म्हणे, त्यापेक्षा कड्यावरून पडलेलं बरं.

माझ्याकडे आहारावरचं एक इंग्रजी पुस्तक नुकतंच आलं होतं. अन्नातून अंगाला मिळणारी उष्णता मोजायच्या मापाला त्यात कॅलरी म्हटलं होतं. अंगाला दिवसाला जेवढ्या कॅलरी लागतात त्यातून पाचशे कमी खाल्ल्या, की आठवड्याला एक पौंड, म्हणजे आपला रतल, उतरतं. माझ्यासारख्या माणसाला एरवी कोणी सल्ला विचारत नाही, मधूने विचारला, म्हणून मी फार उत्साहाने गणित केलं. सोळाशेतून पाचशे गेले, राहिले अकराशे. तसं कळवलं.

टेबलावरच्या पत्रात मधूने लिहिलं होतं, "मास्तर, पाच आठवडे अकराशेच खातो आहे. गुंजभरही उतरलो नाही. आकडा चुकला की मी चुकलो, तेवढं कळवा."

आकडा चुकला होता. सोळाशे मला लागतात, दिवसभर खुर्चीत वाचत बसणाऱ्याला. डोंगर चढणाऱ्या मधूला सव्वीसशे लागणार. मी स्वतःवरून त्याचं माप घेतलं होतं. पण मग तर रोज पंधराशे कमी खाऊन तो पाच आठवड्यांत पंधरा रतल उतरायला हवा होता. म्हणजे एक तर पुस्तक खोटं, नाहीतर मधु चोरून खातो. दोन्ही लिहिण्याचं धैर्य मला नव्हतं.

माझी बायको कमू म्हणाली, "त्या पत्रावर आता किती पुस्तकं झाली?"

"चार."

"मग ते पत्र नव्हे, पाया झाला. घर बांधा वर."

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा साखरशेतचा फागू तट्टाला नाल ठोकून घ्यायला जव्हारला आला. मधूचं तट्टू तोच सांभाळायचा. माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "मास्तर, साहेबाच्या चिठीचा जवाब हाय का? होळीला बाराच आठवडे राहिले."

बारा आठवडे, बारा रतल. मधूच्या हातात पाच आठवडे जास्तीचे होते, ते मी पुस्तकांखाली दाबून संपवले होते.

"फागू, खरं सांग. साहेब बाहेर काय खातो?"

"कायच नाय. लोक भाकर देतात, तो हात जोडतो. नुसती आंबील पितो."

"किती?"

"पाड्याला दोन वाट्या. नवी नाचणी निघालीय, कोण सोडतो? एक वाटी पिऊन उठला तर घरवाली म्हणते, पाहुणा एका पायावर चालला."

सहा पाडे, बारा वाट्या. ताक घातलेली, गुळाचा खडा विरघळवलेली. मी आत जाऊन हिशेब केला. वाटीला सव्वाशे कॅलरी, दिवसाला पंधराशे. अकराशे आणि पंधराशे, सव्वीसशे. पुस्तक खरं होतं आणि मधूही खरा होता. आंबील त्याने धरलीच नव्हती, कारण आपल्याकडे आंबील पितात, खात नाहीत. मीही 'काय खातोस' एवढंच विचारलं होतं.

"आता त्याला आंबील बंद करायला सांगतो," मी बाहेर येऊन म्हणालो.

फागू हसला. "मग पाड्यात मोजणीची साखळी कोण धरू देल?"

"मग एकच वाटी."

"एक पाय."

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं, मी पाहिलं.

तंबाखू चोळत फागू म्हणाला, "अर्ध्या अर्ध्या दोन घ्यायच्या. पाय बुटके, पण दोन."

आतून कमू म्हणाली, "याला ठेवा शाळेत, तुम्ही तट्टू हाका."

मी पुस्तकं उचलली आणि लिहायला बसलो. 'चि. मधूस आशीर्वाद. आकडा माझा चुकला. तुझं माप एकवीसशे. दोन अर्ध्या वाट्यांप्रमाणे सहा पाड्यांचे साडेसातशे. बाकीचे साडेतेराशे घरी, म्हणजे सकाळी एक भाकरी वाढव. उपाशी निघू नकोस, भूकच दुसरी वाटी मागते. आठवड्याला एकच रतल उतरेल, घाईने जास्त उतरवायला जाऊ नकोस. उशीर माझा झाला, आणि तो लाजेपोटी झाला.'

शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा ठेवलं.

फागू म्हणाला, "द्या, मी नेतो." पण त्याला परतायला आणखी दोन दिवस होते, आणि डाक दुपारीच निघणार होती. माझ्याकडे एकही दिवस शिल्लक नव्हता. चपला घालून मी स्वतः डाकघरात गेलो. खिडकीशी पत्र पुन्हा उघडून एकवीसशेचा आकडा तपासावा असं फार वाटलं.

"टाकायचंय की वाचायचंय?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

मी पत्र आत सरकवलं. त्यांनी शिक्का मारला आणि मोखाड्याच्या थैलीत टाकलं.